वरच्या ओळीतली शेवटची दोन दारं

ती संध्याकाळ मार्चअखेरची होती की एप्रिल लागला होता, हे देवराव निमगडे आता छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. करोनाच्या आधीचं वर्ष होतं, एवढं खरं. रानात मोहाची फुलं गळत होती, हेही खरं. तो गोडसर, आंबूस, डोक्यात चढणारा वास त्या आठवणीतून काढता येत नाही. पुढचं मात्र ते चाचपडतच सांगतात. उजेड किती उरला होता, वारा होता की पडला होता, रामाजीच्या दारापुढे आपण किती वेळ उभे होतो... आयुष्यभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलेला, डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस. पण स्वतःच्या कान-डोळ्यांवर त्याचा भरवसा कधीच नव्हता. गॅस बंद केला की नाही ते पाहायला उंबरठ्यावरून परत फिरायचं, आणि पाहून आल्यावर 'नीट पाहिलं का' म्हणून पुन्हा फिरायचं, असा स्वभाव.

एका गोष्टीबद्दल मात्र त्यांना कधी शंका आली नाही. ती म्हणजे त्यांची वसाहत.

पोंभुर्ण्याकडून जंगलाच्या कडेकडेने जाणाऱ्या रस्त्यावर ही 'सोबती' वसाहत आहे. नोकरीतून, शेतीतून मोकळ्या झालेल्या माणसांनी मिळून उभी केलेली. कौलारू बैठी घरं, दोन ओळींत. वरची जंगलाच्या बाजूला, खालची रस्त्याच्या बाजूला, आणि दोन्हींच्या मध्ये माणसाच्या उंचीचं मेंदीचं कुंपण. इथे व्यवस्थापक नाही. सगळं रहिवाशांच्या समित्या चालवतात. भाजी कोणती करायची ते स्वयंपाक समिती ठरवते, कोणाच्या गोळ्या संपत आल्यात ते औषध समिती बघते. एक भांडण समितीसुद्धा आहे, आणि सगळ्यात जास्त भांडणं तिच्याच बैठकीत होतात. बाहेरगावचे लोक ही व्यवस्था बघायला येतात, आणि हमखास विचारतात, "पण तुमचे व्यवस्थापक कुठे बसतात?"

ठमाबाई तोंडभर हसून सांगे, "बसत नाई साहेब, उभेच रायतात. मीच आहो."

ठमाबाई सिरोंच्याकडची. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून उमर गेली. पोटातल्या बाळाचे ठोके नळी लावून ऐकणारे तिचे कान सत्तरीतही शाबूत होते. रागावली की ती तेलुगूत बोलायची, म्हणून तिच्याशी भांडण करण्यात कोणाला मजा येत नसे. ती आणि देवराव मिळून वसाहतीतली सगळ्यात जुनी समिती चालवत. हाक समिती.

ही समिती काढली अंजनाबाईंनी. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, आवाजाने खणखणीत बाई. वसाहतीच्या पहिल्याच वर्षी त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि रात्रभर तशाच पडून राहिल्या. समोरच्या वाटेने माणसं शतपावलीला गेली, त्यांच्या चपला ऐकू आल्या, हसणं ऐकू आलं; पण एवढा खणखणीत आवाज त्या रात्री दारापर्यंत पोचला नाही. बऱ्या झाल्यावर काठी टेकत त्या आमसभेत उभ्या राहिल्या.

"आपन इथी सोबतीनं राहायले आलो. तं कोणी एकटं पडून राहाचं नाई. रोज दिवेलागणीले दारोदार जाचं, नाव घेऊन हाक द्याची. आतून आवाज आला पाहिजे. नाई आला तं दार उघडाचं."

उत्तरं दोनच ठरली. बरं असेल तर 'आहो'. मदत हवी असेल तर 'या'. आणि 'या' ऐकू आलं की दुसऱ्यांदा विचारायचं नाही, सरळ आत जायचं. "त्या एका शब्दात माणसानं होती नव्हती ताकद घातली रायते," त्या म्हणायच्या. "त्याले पुन्हा बोलायले लावू नका."

आणखी एक नियम त्यांचाच. रिकामं दारही सोडायचं नाही. कोणी वारलं, कोणी मुलाकडे गेलं, तरी शेवटच्या माणसाचं नाव घेऊन हाक द्यायची, क्षणभर थांबायचं, मग पुढे जायचं. याचं कारण साधं होतं. एक दार सोडायची सवय लागली की पायाला दुसरंही सुटतं, आणि मग एखाद्या दिवशी भरलेलं सुटतं. ती संध्याकाळ आली, त्याच्या आधीच्याच थंडीत अंजनाबाई स्वतःच गेल्या. झोपेत, शांतपणे. सकाळी त्यांच्या उशाशी समितीतलीच माणसं होती. त्यांचं घर वरच्या ओळीतलं शेवटचं. ते रिकामं झालं, बाहेरून कडी लागली. पण दिवेलागणीला त्यांच्या दारात त्यांच्या नावाची हाक जातच राहिली.

इतक्या वर्षांत समितीची फेरी एकदाही चुकली नव्हती. अतिवृष्टीत नाही, जवळपास वाघ फिरत होता तेव्हा तर नाहीच. त्या आठवड्यात सगळे थाळ्या वाजवत, गाणी म्हणत एकत्र फिरले होते. देवरावांना पीएच.डी. मिळाली तेव्हा जितकी मान ताठ झाली नव्हती, तितकी ही फेरी पूर्ण करून परतताना व्हायची.

आणि नेमकी तीच समिती बंद पडायची वेळ आली होती.

रामाजी हे वरच्या ओळीत अंजनाबाईंच्या शेजारी राहात. चामोर्शीकडचे, धान पिकवणारे. हाडापेराने अजून कणखर. त्यांचा मुलगा पियुष पुण्यात कंपनीत. बापाची काळजी होती, खरी होती. होळीच्या सुमारास तो आला आणि आमसभेत त्याने गळ्यात घालायचं एक बटण दाखवलं. दाबलं की कार्यालयात घंटा वाजते, मुलांच्या फोनवर निरोप जातो. सगळ्यांसाठी मी घेऊन देतो, म्हणाला, आणि देवरावांकडे वळला. "काका, तुम्हीच आता शहात्तरचे. हाक देणाऱ्याला काही झालं तर? ऐकायला चूक झाली तर?"

शेवटचा प्रश्न देवरावांच्या काळजात रुतला. ते काही बोलायच्या आत रामाजीच उठले.

"मले घंटी बांधतं का बे पोट्ट्या? बैल आहो का मी?"

सभा हसली, पण हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना बटण पटलंही होतं. पुढच्या रविवारी निर्णय घ्यायचं ठरलं. ठमाबाई घरी जाताना म्हणाली, "मास्तर, एक जरी चूक झाली ना आता, तं अंजनाबाईची समिती गेली समजा."

त्या दिवसापासून देवराव प्रत्येक दारात दोनदोनदा हाक देऊ लागले. रामाजींनी तिसऱ्याच दिवशी आतून सुनावलं, "आहो गा, दगडाचे डाक्टर! एकडाव सांगतलं ना? दोनदोन डाव काऊन पुसता? मराची वाट पाहून राह्यले का?"

आजूबाजूच्या दारांतून हसू आलं. देवरावही हसले, पण शरमले. त्यानंतर रामाजीच्या दारात ते एकदाच हाक देत.

तर ती संध्याकाळ.

वसाहतीत तापाची साथ होती. समितीतली बरीच माणसं आडवी झालेली. फेरीला निघाले ते दोघंच, देवराव आणि ठमाबाई. नियम जोडीने फिरायचा होता, पण अंधाराच्या आत सगळी दारं व्हायला हवीत म्हणून दोघांनी ओळी वाटून घेतल्या. ठमाबाई खालच्या ओळीने गेली, देवराव वरच्या.

ऊन उतरलं होतं, पण जमीन अजून धग सोडत होती. रानातून मोहाचा वास येत होता. आधी हलका, मग जसजसं शेवटाकडे जावं तसतसा जड. कुठेतरी चुलीवर कोणी लसणाची फोडणी दिली होती, तो वास दोन घरांपुरताच टिकला. देवराव एकेका दारात थांबत, नाव घेत. आतून कोणी खोकत 'आहो' म्हणे, कोणी टीव्हीचा आवाज कमी करून. रुखमाबाई म्हणाल्या, "आहो, अन् तुम्ही?" दोघंही हसले. सगळं रोजच्यासारखं होतं. मेंदीच्या पलीकडून मध्येमध्ये ठमाबाईची हाक ऐकू येत होती, आणि त्या आवाजाची सोबत वाटत होती.

रामाजीच्या अलीकडचं बिऱ्हाड लग्नाला गेलेलं. त्या रिकाम्या दारात हाक देऊन ते पुढे आले.

रामाजीच्या घरात दिवा नव्हता. त्यात नवल नव्हतं. पूर्ण अंधार झाल्याशिवाय रामाजी दिवा लावत नसत. दार लोटलेलं. कौलांवर काहीतरी हललं, माकड असेल, असं देवरावांना वाटलं. मान वर केली तर काही नव्हतं. किंवा असेलही.

"रामाजी!"

थोडा वेळ काहीच नाही. मग आतून, अगदी दाराच्या जवळून, आवाज आला.

"आहो."

रामाजीचाच आवाज. तोच घोगरा, तोच हेल. देवरावांनी पुढचं ऐकायला कान दिले. कारण रामाजी नुसतं 'आहो' कधी म्हणत नसत. पुढे एखादा टोमणा ठरलेला. आज टोमणा आला नाही. दाराच्या फटीतून काळोख दिसत होता, आणि वास... मोहाचाच, पण बंद जागेत कोंडलेला, नासका.

पुन्हा हाक द्यावी असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. मग तो परवाचा टोमणा आठवला. उत्तर आलेलं आहे. ठरलेलं उत्तर, ठरलेल्या आवाजात. आता आणखी काय पाहिजे? त्यांनी स्वतःला समजावलं, नेहमी समजावत तसं, आणि ते पुढे गेले.

अंजनाबाईंच्या पायरीवर ते जरा वेळ उभे राहिले. तिथे रोजच पाय थबकायचे. इतकी वर्षं ज्या दारातून 'आहो मास्तर, जेवले का?' ऐकलं, तिथे कडीकडे बघत नाव घ्यायचं म्हणजे आधी एकदा मनात म्हणून पाहावं लागायचं. आजूबाजूला एकाएकी फार शांत झालं होतं. रातकिड्यांचा आवाज एवढा वेळ चालू होता हे तो थांबल्यावर कळलं.

"अंजनाबाई..."

क्षणभर थांबायचं म्हणून ते थांबले. निघायला वळले.

"...या."

देवराव जागच्या जागी थिजले.

आवाज बारीक होता. लांबून आल्यासारखा, खणखणीतपणा सगळा झिजलेला. पण त्यातलं ते 'या' त्यांनी शेकडो वेळा ऐकलं होतं. चहाला बोलावताना, पुस्तक द्यायला बोलावताना. हा माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हे. बापाने दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली होती, आणि घरातले देव, अंगारे, गंडेदोरे एका दिवसात बाहेर काढले होते. पुढे देवरावांनीही मुलांना तेच शिकवलं. कान वाजले, ते मनाशी म्हणाले. वय झालं. पियुष म्हणत होता ते हेच. रिकाम्या घरातून कोण बोलणार? आपण निघून जावं, कोणाला काही सांगू नये...

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण विचार करत उभे आहोत. 'या' ऐकल्यावर समितीचा माणूस कधीही विचार करत उभा राहिलेला नाही. आवाज कोणाचा, घर भरलेलं की रिकामं, हे नियमात कुठे होतं? नियम एवढाच होता की आत जायचं.

आजही ते ही जागा सांगताना ताठ बसतात. भीती वाटली नाही असं ते म्हणत नाहीत. कडी दोनदा निसटली. पण त्यांनी ती काढली.

आत बंद घराचा वास होता. चुना, उंदीर, जुनं कापड. खाटेवरची गादी गुंडाळलेली. भिंतीवर तसबिरी काढल्याच्या फिकट चौकटी. "अंजनाबाई?" ते कुजबुजले. नियम मोडला, पुन्हा विचारलं, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. उत्तर आलं नाही. पुढची खोली रिकामी. स्वयंपाकघर रिकामं. चुलीचा ओटा, उपडी घातलेली एक घागर, आणि मागचं दार, आतून खिट्टी लावलेलं.

"...या."

आता आवाज त्या दाराच्या पलीकडून आला. आणखी बारीक, आणखी लांब.

खिट्टी गंजलेली होती. त्यांनी घागरीने ठोकली. पहिल्यांदा हलली नाही, दुसऱ्यांदा अंगावरच निघाली, आणि दार उघडलं तसा मोहाचा वास लाटेसारखा आत शिरला.

घरांच्या मागून जनावरं येऊ नयेत म्हणून खणलेला खोल चर जातो. चराच्या पलीकडे मोहाचं मोठं झाड. उजेड जवळजवळ संपला होता, पण चराच्या तळाशी पसरलेली पिवळीफटक मोहफुलं दिसत होती, उपडी पडलेली टोपली दिसत होती, आणि फुलांमध्ये कुशीवर पडलेला माणूस दिसत होता. एक हात अंगाखाली दबलेला. पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळलेला. डोळे उघडे, वर बघणारे. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

रामाजी होते ते.

देवरावांनी चराच्या काठावर बसकण मारली आणि घसरतच खाली उतरले. शहात्तराव्या वर्षी. उतरताना कोपरं सोलली, ते त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. पलीकडे झाडाखाली वाळक्या पानांत काहीतरी जड चालत होतं, थांबत होतं, फुसफुसत होतं. मोहावर अस्वलं येतात, हे या भागात लहान पोराला ठाऊक असतं. आणि रामाजी तर फुलांनी माखलेले.

"ठमाबाई! ठमाबाईऽऽ! या!"

त्यांच्या गळ्यातून एवढा आवाज त्याआधी कधी निघाला नव्हता, नंतरही नाही. मेंदीच्या कुंपणातून वाट काढत ठमाबाई आली, मग रुखमाबाई थाळी वाजवत आल्या, मग तापाने फणफणलेली माणसं अंगावर चादरी घेऊन आली. कोणी थाळ्या बडवल्या, कोणी टेंभा पेटवला. पलीकडची पानं करकरली आणि जे काही होतं ते निघून गेलं. ठमाबाईने चरात उतरून पायाला फळी बांधली, ओठांवर पाण्यात भिजवलेला पदर धरला. खाटेवर घालून वर काढलं तेव्हा खाट धरणाऱ्यांत साठीच्या आतलं कोणीही नव्हतं.

रुग्णवाहिकेत बसताना ठमाबाई एवढंच म्हणाली, "सकाळपासून पडून आहे हा माणूस. जिभेले पापुद्रे आले."

देवराव तिच्याकडे बघत राहिले. सकाळपासून...

दोन-तीन दिवसांनी ते चंद्रपूरला दवाखान्यात गेले. रामाजींचा पाय वर टांगलेला. गप्पा झाल्या, रामाजींनी जेवणाला नावं ठेवली, नर्स कशी ओरडते त्याची नक्कल केली. पियुष औषध आणायला खाली गेला तेव्हा देवरावांनी आवाज खाली आणून विचारलं, "रामाजी, त्या संध्याकाळी माझी हाक तुम्हाला ऐकू आली होती का?"

रामाजी भिंतीकडे बघत म्हणाले, "आली. माह्या नावाची आली. पडल्या जागी आयकली मी."

"मग... तुम्ही काही म्हणालात?"

"तोंडात थुका नव्हता, मास्तर. काय म्हनू?" मग त्यांनी मान वळवली. डोळ्यांत थट्टा नव्हती. "पन तुम्ही तं पुढं गेले. उत्तर भेटल्याबिगर तुम्ही पुढं जानारे नोहोत."

देवरावांनी खाटेवरची चादर उगाच सारखी केली.

"मले घर बदलून द्या," रामाजी म्हणाले. "अंजनाबाईचं द्या. काऊन ते पुसू नका."

दोघांनीही पुन्हा तो विषय काढला नाही.

रविवारी आमसभा भरली. देवराव उठले, चाचरत म्हणाले, "मी अंजनाबाईंच्या दारात हाक दिली. रिकाम्या दारात हाक द्यायची, असा त्यांचाच नियम. आतून 'या' ऐकू आलं, म्हणून आत गेलो." कोणीतरी म्हणालं, मागच्या चरातून रामाजीचाच आवाज घरात घुमला असेल. माना हलल्या, आणि देवरावांनी ते तसंच राहू दिलं. आधीच्या दारात काय ऐकलं, ते त्यांनी सांगितलं नाही. खात्री नसलेली गोष्ट सभेत सांगायची नसते, असं त्यांचं शिक्षण सांगत होतं. आणि दुसरंही होतं. ते सांगितलं असतं तर समिती त्या दिवशीच मिटली असती.

पियुष शेवटी बोलायला उठला. चार दिवस झोपला नसावा.

"बाबांचा हात अंगाखाली अडकला होता," तो म्हणाला. "बटण असतं तरी त्यांना दाबता आलं नसतं. माझ्या फोनवर काहीच आलं नसतं. मी पुण्यात मीटिंगमध्ये बसलेलो असतो..." त्याने वाकून देवरावांच्या पायाला हात लावला. देवराव मागे सरकले. "अरे, माझ्या नाही," ते म्हणाले, "समितीच्या."

"समितीले पाय नाई रायत मास्तर, तुमचेच चालवा आता," ठमाबाई म्हणाली, आणि सगळी सभा डोळे पुसत हसली. त्या दिवशी इतक्या जणांनी हाक समितीत नावं दिली की फेरीच्या पाळ्या लावाव्या लागल्या. घरी आल्यावर देवरावांनी गॅसचं बटण एकदाच पाहिलं आणि ते झोपले.

रामाजी काठी घेऊन परतले, अंजनाबाईंच्या घरात राहिले, आणि पुढची काही वर्षं रोज दिवेलागणीला आतून नवनवे टोमणे मारत राहिले. गेले तेही भरल्या घरात, ठमाबाईच्या हातून पाणी पिऊन. त्यांचं जुनं घर मात्र कोणी घेतलं नाही. कारण कोणी सांगत नसे. बघायला येणारी माणसं उंबरठ्यावर उभी राहात, खालच्या ओळीत काही आहे का, असं विचारत.

आणि नियम नियम होता. रिकामं दार सोडायचं नाही. नव्या स्वयंसेवकांना ते दार देवरावांनी कधी दिलं नाही. स्वतः जात. तिथे राहणारा शेवटचा माणूस रामाजी, म्हणून त्यांच्याच नावाची हाक देत, क्षणभर थांबत, आणि आतली शांतता ऐकून पुढे जात. कधीच काही ऐकू आलं नाही. हळूहळू त्यांनी स्वतःला पटवलं होतं. रोज जे उत्तर ऐकायची सवय, तेच त्या दिवशी आपल्या डोक्याने पुरवलं. शास्त्रात अशी उदाहरणं आहेत. 'या'चंही तसंच असेल. त्या चुकीतून एक माणूस वाचला, एवढं पुरे. समिती चालू होती. एकही फेरी चुकली नव्हती, करोनाच्या दिवसांतसुद्धा. तेव्हा फडक्याने तोंड बांधून लांबून हाका दिल्या होत्या.

गेल्या वर्षी ठमाबाई वसाहत सोडून भाचीकडे सिरोंच्याला राहायला निघाली. गुडघे गेले होते. निरोप समारंभ झाला, खीर झाली, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, जीप यायची होती तेव्हा, ती देवरावांच्या ओसरीवर येऊन बसली.

"मास्तर, एक गोष्ट बोलाची राह्यली. मी आजवर कोणाले नाई सांगतली. सांगतली असती तं लोक म्हनले असते, म्हातारीचे कान गेले, आना घंट्या. आता मी चालली, म्हून सांगतो."

"बोला."

"त्या दिवशी रामाजीच्या दारात तुम्हाले 'आहो' आयकू आलं. नाई का?"

देवरावांनी हातातला कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे त्यांनी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

"मी मेंदीच्या पल्याड होती," ठमाबाई म्हणाली. "मले बी आयकू आलं. साफ आयकू आलं."

देवरावांनी डोळे मिटले. म्हणजे कान वाजले नव्हते. एवढ्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं. त्यांना बरं वाटलं, अगदी क्षणभर. मग त्यांनी पाहिलं, ठमाबाई अजून बोलायची थांबली नव्हती.

"तुम्ही पुढं गेले. मंग त्या घरात दोघं जण बोलले. हळू. रामाजीचा आवाज म्हने, 'गेला का?'... अन् दुसरा म्हने, 'गेला.'"

बाहेर रस्त्यावर जीपचा भोंगा वाजला. ठमाबाई उठली नाही.

"दुसरा कोणाचा होता?" देवरावांनी विचारलं.

"तुमचा, मास्तर."

त्यांनी तिला पुन्हा विचारलं. नीट आठवून सांगा म्हणाले. माझाच असेल, मी रामाजीशी काही बोललो असेन, माझं मलाच आठवत नाही, असंही म्हणाले. तिने एक शब्द बदलला नाही.

"मी मेंदीतून वाकून पाह्यलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही तवा अंजनाबाईच्या पायरीवर होते. तोंड मिटून उभे होते."